रेडिओवरचा बाबल म्हणजे मीच

आधी सांगून टाकते, मग बाकीचं. रेडिओवर दर रविवारी सकाळी जो बाबल यायचा ना, झाडावर चढणारा, मास्तरांना उलट प्रश्न विचारणारा, खाडीत होडी उलटवणारा, तो मी. मुलगा-बिलगा कोणी नव्हता. मी, इंदू. दोन वेण्या, परकर-पोलकं आणि माइकपर्यंत तोंड पोचावं म्हणून पायाखाली लाकडी खोकं.

हुश्श. झालं सांगून. आठ वर्षं पोटात ठेवलं होतं.

मी सावंतवाडीत एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट आहे. साहेब आज वेंगुर्ल्याला तारखेला गेलेत, म्हणजे संध्याकाळपर्यंत मशीन माझं. संपादकांनी दिवाळी अंकासाठी 'नोकरीतला एखादा अनुभव लिहा' म्हणून सांगितलंय. त्यांना वाटलं असणार, मी अर्जांबद्दल आणि पक्षकारांबद्दल लिहीन. पण ही नोकरी लागून मला जेमतेम वर्ष झालंय. माझी खरी नोकरी अकराव्या वर्षी लागली आणि साडेचौदाव्या वर्षी सुटली. तेव्हा एकोणिसाव्या वर्षी मी एखाद्या रिटायर्ड मामलेदारासारखी आठवणी लिहायला बसलेय. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या.

माझं गाव तोंडवली. बाबा मालाच्या मचव्यावर खलाशी. दसरा झाला की समुद्रावर, पाऊस आला की घरी. आम्ही तिघी बहिणी, मी मधली. बाबांच्या बोलीत सांगायचं तर तीन चेडवां, म्हणजे मुली, आणि झिल, म्हणजे मुलगा, एकही नाही. पुढच्या शिक्षणासाठी आईनं हट्टानं मला सावंतवाडीला मामाकडे ठेवलं. मामा लाकडी खेळणी करतो, लाखेचे रंग दिलेली केळी, आंबे, वांगी, भातुकली. बाबांना हे शिक्षण कधी पटलं नव्हतं. "चेडू शिकान बॅरिस्टर होतला?" असं ते दर पावसाळ्यात एकदा तरी म्हणायचे. आई ऐकून घ्यायची आणि जून आला की माझी पिशवी भरायची.

शाळेत आम्हाला लुईझाबाई होत्या. सावंतवाडीच्याच. घरी कोकणी, बाजारात मालवणी आणि वर्गात असं मराठी की पुण्याच्या माणसानं ऐकत बसावं. गोवा मोकळा झाल्यावर पणजीहून मराठी कार्यक्रम लागायला लागले, तेव्हा त्या रेडिओवर नाटकात आईची कामं करायला जायच्या. एकदा तिथं मुलांची एक मालिका सुरू होणार होती. बाबल नावाचा दहा वर्षांचा मुलगा आणि त्याची आई, म्हणजे लुईझाबाई, दर रविवारी एक गोष्ट. बाबलचं काम करणाऱ्या मुलाला ऐन वेळी गालगुंड झालं. लुईझाबाईंनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझं काम पाहिलं होतं, त्या मला घेऊन गेल्या.

कार्यक्रम बसवायचे केणीसर. त्यांची एक पद्धत होती. माणूस समोर आला की ते बघायचेच नाहीत. म्हणाले, "दाराआड उभं कर आणि बोलायला सांग." मी दाराआडून कागद वाचला. आतून केणीसरांचा आवाज आला, "हा मुलगा चालेल."

लुईझाबाई म्हणाल्या, "सर, हा मुलगा ही मुलगी आहे."

आतून सर म्हणाले, "माइकला कुठं डोळे असतात? पण ऐकणाऱ्यांना कळता कामा नये. कधीच. बाबल म्हणजे बाबल."

म्हणून इतरांची नावं सांगितली जायची, माझं नाही. "आणि आपला बाबल", बस, एवढंच.

आता माझी पहिली आपत्ती ऐका, कारण ती आमच्याच माणसांवर येऊ शकते. शुद्ध मराठीत मुलगा म्हणतो 'मी जातो', मुलगी म्हणते 'मी जाते'. आमच्या मालवणीत बोलणारा बाप्या असो की बाई, 'मी जातंय', 'मी खातंय', 'मी येतंय'. सगळे 'तंय'. काही भानगडच नाही. त्यामुळं 'आता मी मुलगा आहे, तो-तो म्हणायचं' हे माझ्या डोक्यात शिरायचं, पण जिभेवर बसायचं नाही. तालमीत मी म्हणायचे, "आई, मी झाडावर चढते." केणीसर कपाळाला हात लावायचे. मग मामानं उपाय काढला. महिनाभर दुकानात मी मुलग्यासारखंच बोलायचं. मी येतो, मी बसतो, मी रंग लावतो. गिऱ्हाइकं बघत राहायची. एका म्हाताऱ्या बाईनं मामीला बाजूला घेऊन विचारलं, "चेडवाक काय बाधा-बिधा जाली काय गो?"

आणि आईनं घातलेली अट. मामानं तिला पत्रानं कळवलं, तेव्हा ती पुढच्याच गाडीनं आली. म्हणाली, "करूक देत. पण हेंका कळाक देव नको हां, दादा. कळला तर चेडवाक घराक हाडतले, शाळा पण जातली."

म्हणजे माझी शाळा त्या गुपितावर उभी होती. बाबांना चुकवणं तसं कठीण नव्हतं. ते घरी असायचे पावसाळ्यात, तेव्हा मी शाळेत. मी घरी यायचे मे महिन्यात, तेव्हा ते बहुतेक समुद्रावर. वर्षातून मोजके दिवस आम्ही एका छपराखाली असायचो.

हा धंदा कसा चालतो ते सांगते, कारण लोकांना वाटतं रेडिओत जाऊन नुसतं बोलायचं. मुळीच नाही. शनिवारी दुपारी मी आणि लुईझाबाई बांद्यावरून जाणारी गाडी पकडायचो, म्हापसा, बेती, मग फेरीबोटीतून नदी पार करून पणजी. संध्याकाळी तालीम, रात्री लुईझाबाईंच्या बहिणीकडे मुक्काम, रविवारी सकाळी कार्यक्रम. कार्यक्रम थेट जायचा. म्हणजे तोंडातून सुटलं की सुटलं, रबरानं खोडता येत नाही. माइकपासून तोंड एक वीत लांब. रडायचं असेल तर दोन वीत, कुजबुजायचं असेल तर चार बोटं. कागदाचा आवाज होता कामा नये, म्हणून पानं सुटी ठेवायची आणि वाचून झालेलं पान हळूच खाली सतरंजीवर सोडून द्यायचं. शिंक आली तर नाकाच्या शेंड्याला वरून दाबायचं. खोकला आला तर मरायचं. लाल दिवा लागला की जग बंद.

आणि आवाज! घोडा म्हणजे करवंट्या. वीज म्हणजे पत्रा. वाळलेल्या पानांतून चालायचं म्हणजे परातीत पोहे आणि त्यात मूठ. हे सगळं करणारे एक काका होते, दिवसभर बिडी ओढायचे, पण दिवा लागला की देवळातल्या पुजाऱ्यासारखे. पहिल्याच महिन्यात समुद्राचा प्रसंग होता. काकांनी सुपात मोहरी घेऊन इकडून तिकडे हलवली. सर्रर्र, सर्रर्र. सगळे म्हणाले छान. मी म्हणाले, "काका, ह्या मोहरीला परत जायला येत नाही."

"म्हणजे?"

"लाट येते, मग जरा थांबते, मग परत जाते. परत जाताना तिचा आवाज वेगळा असतो, बारीक शंख-शिंपले घसटत नेते ती. तुमची नुसती येते, येते, येते. एव्हाना पणजी बुडली असती."

काका बिडी विझवून माझ्याकडे बघतच राहिले. मग आम्ही दोघांनी मिळून मोहरीत मूठभर बारीक शिंपल्या घातल्या, सूप तिरकं केलं, एक श्वास थांबलो आणि हळू उलटं तिरकं केलं. समुद्र! अगदी तोंडवलीचा. डोळे मिटले की मला आमची सुरूची झाडं दिसायची. ह्या गोष्टीचा मला अजून माज आहे. बाबलचं श्रेय केणीसरांना द्या, पण लाट परत नेली ती मी. हीच लाट पुढं मला नडली, ते येईलच.

वर्षभरात बाबल इतका मोठा झाला की काय सांगू! पत्रं यायची. कोणी त्याला उपदेश करायचं, कोणी लाडू पाठवायचं. कुडाळकडच्या एका आजीनं आपल्या नातीसाठी बाबलला चक्क मागणी घातली. लिहिलं होतं, 'मुलगा वात्रट आहे, पण मनानं बरा वाटतो. घाई नाही.' केणीसर मला म्हणाले, "काय गं, कळवायचं काय? पत्रिका मागवू?"

आणि दोडामार्गच्या त्या बाई. आपल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन केळीच्या घडासकट थेट हजर. मुलगा कोणाचं ऐकत नाही, फक्त बाबलचं ऐकतो, तर बाबलनं त्याला समोर बसवून दोन शब्द सांगावेत, म्हणून. केणीसरांची तारांबळ. म्हणाले, "बाबलला ताप आहे." मुलगा खोक्यावर बसलेल्या माझ्याकडे बघत होता. "मग ही कोण?"

"बाबलची बहीण," सर म्हणाले.

मुलानं मला वरपासून खालपर्यंत तपासलं. मग खिशातून बेचकी काढली. पेरूच्या लाकडाची, घासून घासून गुळगुळीत केलेली. म्हणाला, "त्याला दे. सांग, मी स्वतः केली. आणि त्याला सांग, ताप उतरला की दोडामार्गला ये. तू नको येऊ."

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर आवाज ओळखला असता त्यानं. त्या दिवशी मला पहिल्यांदा जरा कसंतरी झालं. सगळे बाबलवर जीव टाकत होते आणि मी शेजारी बसून केळी खात होते.

पण खरी गंमत झाली ती चतुर्थीला. गणपतीसाठी मी तोंडवलीला घरी आणि बाबाही घरी. मध्ये रविवार. केणीसरांनी त्या रविवारची गोष्ट आधीच टेपवर घेऊन ठेवली होती, त्यामुळं मी निर्धास्त होते. सकाळी आरती झाली आणि बाबा म्हणाले, "चला गो, तात्याकडे. बाबलो लागतलो."

मी आईकडे बघितलं तर ती एकदम मोदकांच्या सारणात गुंतलेली.

तात्या म्हणजे आमचे शेजारी, त्यांच्याकडे बॅटरीवरचा रेडिओ. ओटीवर अर्धी वाडी जमलेली. मला तोवर माहीतच नव्हतं, आमचे बाबा बाबलचे भक्त! बंदरात मचवा लागला आणि रविवार असला की चहाच्या हॉटेलात रेडिओसमोरची जागा धरून बसायचे म्हणे. मी त्यांच्या शेजारी बसले. रेडिओतून मी बोलायला लागले. आणि सगळा कागद मला पाठ, माझे ओठ आपोआप हलायला लागले. बाबल म्हणायच्या आधीच मी पुटपुटले, "मास्तर, पृथ्वी गोल आहे तर आपण घसरत का नाही?"

लगेच रेडिओतून तेच.

बाबा वळले. "तुका कसा कळला तो काय बोलतलो ता?"

"अंदाज," मी म्हटलं.

"अंदाज नको. गप रव. बाबलो बोलता मां!" आणि डोक्यात एक टपली. माझंच बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मला टपली! मोठी बहीण तोंडात पदर कोंबून उठून गेली.

कार्यक्रम संपल्यावर बाबा म्हणाले, "बघ जरा. तुज्याच वयाचो असतलो. कसो टकाटक बोलता! नायतर तू." मग जरा थांबून, माझ्याकडे नाही, अंगणाकडे बघत म्हणाले, "असो एक झिल असतो तर."

त्यांनी मला ओळखलं नाही. त्याचा मी पुष्कळ विचार केलाय. रेडिओवर मी शुद्ध बोलायचे. ते बोलणं बाबांनी माझ्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या लेखी इंदू म्हणजे मालवणी बोलणारी, तीही त्यांच्यासमोर तीन शब्दांच्या वर नाही. नुसत्या आवाजानं माणूस ओळखतात हे खोटं आहे हो. बोलीनं ओळखतात.

त्या दिवशी सांगून टाकायला हवं होतं का? जीभ अगदी टोकावर आली होती. पण मग शाळा? आणि दुसरंही होतं, ते आता लिहायला हरकत नाही. मी आहे म्हटल्यावर तो त्यांचा बाबल गेला असता. मी गप्प बसले.

पुढं मी उंच झाले. खोकं नकोसं झालं. मालिकाही बरीच चालली होती, केणीसरांना नवं काहीतरी बसवायचं होतं. त्यांनी ठरवलं, शेवटच्या भागात बाबल बोटीत बसून मुंबईला शिकायला जाणार. बंदरावर आई निरोप द्यायला येते. शेवटचं वाक्य बाबलचं: "आई, जातो मी." मग लाट, मग वाजंत्री, खलास.

कागद आदल्या रविवारीच हातात आला आणि मी त्या वाक्यावर अडकले.

आता आमच्या घरची रीत सांगते. तशी सगळीकडेच लोक निघताना 'येतो' म्हणतात, पण दर्यावर्दी घरात ती रीत नाही, कायदा आहे. बाबा निघताना 'जातंय' म्हणत नाहीत. एकदा कधीतरी घाईत तोंडातून गेलं, तर आईनं त्यांना वाटेवरून परत बोलावलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून निघायला लावलं. बाबांचं ठरलेलं वाक्य आहे. उंबऱ्यावर एक पाय बाहेर, एक आत, आणि माझ्या आजीला, त्यांच्या आईला, ते म्हणायचे, "येतंय गो आये, पेज ठेव." जणू काय वाडीत फिरून जेवायला येणार! जायचे तीन-तीन महिने. आजी वारली, तरी वाक्य तेच राहिलं. आता ते आईला उद्देशून असतं की आजीच्या फोटोला, कुणी विचारलं नाही. आई आतून म्हणते, "ठेवतंय." मग निघायचं.

आणि त्या आठवड्यात बाबांचा मचवा मंगळुरी कौलं भरून परत येत होता. कुठं होता कुणाला ठाऊक. वारा उलटा होता, आईच्या पत्रात दोनदा लिहिलेलं. बाबा पाण्यावर असताना मी, त्यांच्या मुलीनं, बंदरावर उभं राहून 'जातो' म्हणायचं?

शनिवारी पणजीला पोचताच मी केणीसरांकडे गेले. "सर, 'जातो'च्या जागी 'येतो' केलं तर?"

"नाही. 'येतो' म्हटलं की लोक वाट बघत बसतील. आपल्याला संपवायचंय."

"पण सर, निघताना असं म्हणत नाहीत."

"अगं, हा बाबल आहे. तू नाहीस."

तालमीत मी ते वाक्य इतक्या बारीक आवाजात म्हटलं की सर म्हणाले, उद्या मोठ्यानं. लुईझाबाईंनी फेरीबोटीतून येतानाच माझा चेहरा बघितला होता.

रविवार. लाल दिवा. सगळं सुरळीत. मी तो-तो करत बोलत होते, पानं सतरंजीवर पडत होती. शेवटचं पान आलं. आवाजवाल्या काकांनी सूप उचललं. लाट आली. थांबली. आणि परत गेली, शंख-शिंपले घसटत. मी शिकवलेली लाट! माझ्यासमोर माइक राहिला नाही, केणीसर राहिले नाहीत. आमचा उंबरा, त्यावर बाबांचा एक पाय. मी तोंड उघडलं आणि आलं ते हेच:

"येतंय गो आये, पेज ठेव."

काचेपलीकडे केणीसर अर्धे उभे राहिले. दिवा लालच. समोर लुईझाबाई, त्यांच्या हातातल्या पानावर पुढं एक शब्दही नव्हता. त्यांनी पान खाली सोडलं, माइकजवळ चार बोटांवर आल्या आणि कुजबुजल्या, "ये हां बाबू. ठेवतंय."

लाट परत गेली. वाजंत्री. दिवा विझला.

केणीसर आत आले ते हात हवेत घेऊनच. "साडेतीन वर्षं शुद्ध बोललीस आणि शेवटच्या वाक्याला? शेवटच्या?" मी रडायला लागले. मग ते म्हणाले, "रडू नकोस. मुलगा तर राहिलास ना!" आणि त्यांच्याच लक्षात येऊन हसायला लागले. 'येतंय'. त्यात मुलगा नाही, मुलगी नाही. चुकले, पण गुपित काही फुटलं नाही, असं आम्ही समजलो.

फुटलं होतं. वेंगुर्ल्याला.

शीड फाटलं म्हणून बाबांचा मचवा आदल्या दिवशीच वेंगुर्ल्याच्या बंदराला लागला होता. रविवार, चहाचं हॉटेल, रेडिओसमोरची जागा. पुढचं मला मागाहून त्यांच्याच मचव्यावरच्या माणसांनी सांगितलं. ते वाक्य आलं आणि हॉटेलात एकच गलका, "अरे, बाबलो मालवणी बोललो रे! बाबलो आमच्यातलो!" लोक टेबलं बडवायला लागले. बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "बाबलो नाय तो. ता माजा चेडू."

हसण्याचा कल्लोळ. "भिवा, ऊन लागला तुका." "रे, हेच्या च्यात काय घातलंस?" आणि एकजण म्हणाला, "तीन चेडवांचो बापूस तू. झिल नाय म्हणान रेडिओतलो झिल आपलो करतंस?"

बाबा उठले आणि सावंतवाडीच्या गाडीत बसले.

दुपारी मी आणि लुईझाबाई मामाच्या दुकानात शिरलो तर रंगवलेल्या वांग्यांच्या आणि केळ्यांच्या मधोमध स्टुलावर बाबा. अंगाला अजून समुद्राचा वास. मामा कोपऱ्यात उगाच एक लाकडी आंबा पुसत उभा. लुईझाबाईंनी माझा हात सोडला नाही.

"इलंस?" म्हणजे आलीस का, असं बाबांनी विचारलं.

"इलंय."

"खंय गेल्लंस?"

कुठं गेले होते ते सांगितलं की शाळा गेली, आता पिशवी भरायची, एवढंच डोक्यात.

"बरा. तो बाबलो बोलता तसा बोल माका."

मी खाली बघून बोलले, शुद्ध, "मास्तर, पृथ्वी गोल आहे तर आपण घसरत का नाही?"

बाबा मान वाकडी करून ऐकत राहिले. जणू एखाद्या परक्या बंदरातली भाषा. "आता आमचा बोल."

"कसला?"

"सकाळचा."

"येतंय गो आये, पेज ठेव." तेवढं बोलता बोलता माझा आवाज फाटला.

बाबांनी मांडीवर हात मारला. "अगो! गणपतीत माज्या बाजूक बसलंस आणि मी तुका टपली मारलंय! बाबलो आयकाक होयो म्हणान!" ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. "तीन वर्सां फशिवलंस बापाशीक. माजो झिल माज्याच घरात जेवता आणि मी हाटेलात हुडकतंय!"

लुईझाबाई पुढं झाल्या. मालवणीतच म्हणाल्या, "भिवाभाऊ, चूक माजी आसा. पण चेडवाची शाळा थांबवू नको."

"शाळा?" बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू बाईंनी काहीतरी भलतंच विचारलं. "शाळा कित्याक थांबवतलंय? मॅट्रिक होवक होया ता." मग माझ्याकडे वळले. "फुडच्या ऐतवारी कधी लागतला?"

"संपलं, बाबा. आज शेवटचा होता."

"संपला कसा? येतंय म्हणालंस मां?"

"ते चुकून."

"चुकान नाय. येतंय म्हटल्यार येवक होया."

संध्याकाळच्या गाडीनं ते वेंगुर्ल्याला परत निघाले, शीड शिवून झालं असणार होतं. दुकानाच्या पायरीवर एक पाय आत, एक बाहेर. मला वाटलं नेहमीचं वाक्य येणार. आलं, पण जरा बदलून.

"येतंय रे बाबल, पेज ठेव."

"ठेवतंय," मी म्हटलं.

पणजीला त्यानंतर पोस्टमन पिशवी घेऊन यायचा. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच प्रश्न, 'बाबल येतंय म्हणाला, मग कधी येणार?' केणीसरांनी मला काही पत्रं पाठवली, खाली लिहिलं, 'सांगितलं होतं मी.' त्यांनी दुसऱ्या एका मुलाला घेऊन बाबल पुन्हा आणून बघितला. मुलगा चांगला होता, अगदी खरा मुलगा. पण लोकांनी कळवलं, हा तो नव्हे. मी मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले, माझा वेग चांगला आहे म्हणतात. अर्जदाराच्या नावापुढं 'तो' की 'ती' हे मी कधी चुकत नाही, आधी एकदा थांबते.

गेल्या महिन्यात घरी गेले होते. बाबांना विचारलं, दिवाळी अंकात खरं काय ते लिहू का? तुमच्या हॉटेलवाल्यांना कळेल. बाबा जाळ्याची गाठ मारत होते, मान वर न करता म्हणाले, "लिव. आणि येक अंक वेंगुर्ल्याक पाठव. तेंच्या च्यात घालूक."

तर दोडामार्गच्या मुला, तू आता माझ्या खांद्याच्या वर गेला असशील. तुझी बेचकी माझ्या टेबलाच्या खणात आहे. रबर बदललंय, लाकूड तेच. ती बहीण-बिहीण कोणी नव्हती, ताप-बिप काही नव्हता, आणि तू 'तू नको येऊ' म्हणालास ते मी मनावर घेतलेलं नाही. कुडाळच्या आजी, स्थळ तेवढं जमणार नाही. आणि ज्यांनी ज्यांनी पत्रं टाकून विचारलं, रविवारी सकाळी उगाच बटण फिरवून बघितलं, त्या सगळ्यांना,

इलंय.

पेज खंय आसा?